कॉम्प्युटर मेला, उठा!

आमच्या कचेरीतला कॉम्प्युटर अधूनमधून मरायचा. आपोआप नव्हे, अक्का त्याला मारायच्या. सगळे आपापल्या कामात गढलेले असताना त्या खुर्चीवरून उठायच्या, पदर खोचायच्या, भिंतीपाशी जायच्या आणि प्लग उपटून ओरडायच्या, "कॉम्प्युटर मेला! उठा!"

मला हे दर्शन नोकरीच्या पहिल्याच दिवशी घडलं. मी एका शेळीचं वजन भरत होतो आणि एकदम समोरचा पडदा काळा झाला. लाईट गेली म्हणावं तर डोक्यावर पंखा गरगरत होता. मागं वळून बघितलं, तर ठेंगणी, गोरीपान, कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेली एक बाई हातात वायर धरून उभी. चेहऱ्यावर असा आनंद, की जणू विहिरीत पडलेली घागर आत्ताच गळ टाकून वर काढलीय.

"आता काय करणार तू?" त्यांनी विचारलं.

"प्लग लावणार," मी म्हणालो.

"प्लग न्हाय. डबा जळाला. पार कोळसा झाला. आता सांग."

"मग… नवा डबा आणू."

"आणला. कोरा करकरीत हाय. शेळ्या कुठंयत?"

मी खिडकीतून बाहेर बघितलं. बाहेर खरोखरच दोन शेळ्या बोराट्याचं कुंपण ओरबाडत उभ्या होत्या. मी त्यांच्याकडं बोट केलं.

"त्या न्हाय रे! आतल्या!" अक्का म्हणाल्या आणि इतक्या हसल्या, की वायर हातातून सुटली.

आतल्या शेळ्या म्हणजे आमची सगळी इस्टेट होती. परंड्याच्या बसस्टँडसमोर, एका लोखंडी जिन्यानं चढून जायच्या दोन खोल्या, ही आमच्या शेळीपालक संघाची कचेरी. आपल्या जिल्ह्याची काळीभोर शेळी लांबलांबचे लोक नावाजतात. पण तिचं वाण टिकवायचं, तर कोण कुणाचं हे माहीत पाहिजे. बोकड एकाच गावात फार दिवस राहिला, की त्याच्याच लेकी त्याच्यापुढं येतात, आणि मग करडं मरतुकडी निघतात. म्हणून संघानं गावोगावच्या शेळ्यांच्या कानात पिवळे बिल्ले ठोकले होते, आणि प्रत्येकीची आई कोण, बाप कोण, वजन किती, जुळी देते का एकेक, हे सगळं कॉम्प्युटरात भरलं होतं. ते बघून ठरावीक दिवसांनी या गावचा बोकड त्या गावाला द्यायचा. थोडक्यात, आम्ही शेळ्यांच्या सोयरिकी जुळवत होतो, तेही नातं तपासून. माणसांच्या सोयरिकीतसुद्धा कुणी एवढी चौकशी करत नाही.

अक्का त्या संघाच्या व्यवस्थापक. त्यांचं माहेर उमरग्याच्याही पलीकडं, सीमेला खेटून. घरात कानडी. राग आला की कानडी बोलायच्या, फार आनंद झाला की कानडी बोलायच्या. मधल्या वेळात मराठी. त्यांना सापाची भीती नव्हती, तपासणीला येणाऱ्या साहेबांची नव्हती, आमच्या अध्यक्षांची तर अजिबात नव्हती. भीती फक्त एकाच गोष्टीची. जी वस्तू जगात एकच आहे, तिची.

एकटी वस्तू बघितली की त्या अस्वस्थ व्हायच्या. त्यांच्याकडं चष्मे दोन, छत्र्या दोन, फोन दोन आणि दोन्हींत तेच फोटो. जेवणाचे डबेसुद्धा दोन, आणि दोन्हींत तीच भाजी. "एक सांडला तर?" त्या म्हणायच्या. मी तिथं असेपर्यंत एकही डबा कधी सांडला नाही. दुसरा डबा आम्ही खायचो. त्यांच्या हातची शेंगादाण्याची चटणी अशी होती, की देवानं त्यांची ही भीती कायम ठेवावी असं मला मनापासून वाटायचं. घराच्या किल्लीच्या तर त्यांनी इतक्या प्रती शेजारीपाजारी वाटून ठेवल्या होत्या, की त्या गावाला गेल्या की सगळी आळी त्यांच्या घरी येऊन टीव्ही बघायची.

हे वेड आलं कुठून, ते त्यांनी मला एकदा दुसऱ्या डब्यातली भाकरी वाढताना सांगितलं. त्यांच्या नवऱ्याचा आधी उमरग्याला फोटो स्टुडिओ होता. एका लग्नाचे सगळे फोटो त्यांनी कॅमेऱ्यातल्या एकाच कार्डावर काढले आणि दुसऱ्या दिवशी बारशाचे फोटो काढायला घाईघाईत तेच कार्ड पुसून टाकलं. अख्खं लग्न गेलं! नवरीचा बाप दुकानात येऊन बसला तो हलेना. शेवटी लग्न परत करायचं ठरलं, म्हणजे फोटोपुरतं.

"पण तवर दोन्ही घरांत भांडण झालतं की," अक्का सांगत होत्या. "जेवणात वाढप नीट केलं न्हाय म्हणून नवरदेवाच्या चुलत्यानं ताट फेकलतं. त्याला हातापाया पडून परत आणला. नवरदेवानं मिशी भादरलीती, तर त्याला काजळानं मिशी काढली. सगळे हसत उभे राहिले. आमच्या यांनी 'स्माईल' म्हटलं आन् तेवढ्यात चुलत्याला कुणीतरी जिलबी पुढं केली. तो म्हणाला, त्या दिवशी कुठं गेलती ही जिलबी? झालं! परत भांडण. घामानं मिशी ओघळली. अल्बम बघशील तर पहिल्या पानावर नवरा मिशीचा हाय, शेवटच्या पानावर काळ्या गालाचा."

त्या दिवसापासून अक्कांनी ठरवलं, की आपल्या हातातलं काहीही एकटं राहू द्यायचं नाही.

संघात आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते हे. भिंतीवर ठळक अक्षरांत एक ओळ लिहून लावली. 'तीन प्रती, दोन तऱ्हा, एक परगावी.' शेळ्यांची माहिती तीन जागी पाहिजे. एकाच तऱ्हेच्या यंत्रात नको, दोन तऱ्हांच्या पाहिजे. आणि त्यांतली एक तरी गावाबाहेर पाहिजे, म्हणजे परंडा जळालं तरी शेळ्या वाचल्या. आमचे अध्यक्ष आण्णा, शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले, छाती पुढं काढून चालणारे गृहस्थ. ते म्हणाले, "अक्का, परंडा कशाला जळेल?" अक्का म्हणाल्या, "आण्णा, तुम्ही आपल्या गावातला किल्ला बघितलाय ना? बांधणाऱ्यालाबी असंच वाटलं आसंल."

पण नुसत्या प्रती घेऊन त्यांचं समाधान व्हायचं नाही. त्यांचा खरा छंद पुढं होता. "घेतलेला बॅकअप म्हणजे बॅकअप न्हाय. परत आणून दाखवला तर बॅकअप," हे त्या दिवसातून एकदा तरी म्हणायच्या. म्हणूनच ते प्लग उपटणं. नुसता प्लग उपटून भागायचं नाही, संकट साजरं करावं लागायचं, आणि त्यात प्रत्येकाला काम असायचं. आमच्याकडं शेळ्यांना बिल्ले मारणारे एक मामा होते. भल्या मोठ्या मिशांचे, अत्यंत गंभीर, हसणं त्यांनी कुठंतरी गहाण टाकलं असावं. अक्का त्यांना म्हणायच्या, "मामा, आज तुम्ही आग." मामा निमूटपणे उठून कपाटाजवळ जाऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "पेटलो."

एवढंच. पण त्या एका शब्दात इतकं गांभीर्य असायचं, की मला खरोखर धूर दिसायचा. मग मी धावत जाऊन दुसरा कॉम्प्युटर उघडायचा, डिस्क लावायची, शेळ्या परत आणायच्या आणि अक्कांनी ऐनवेळी सांगितलेली शेळी आईबापासकट दाखवायची. ती दिसली, की अक्का मामांना म्हणायच्या, "विझा." मामा विझून परत जागेवर बसायचे.

एकदा बाहेरगावचे काही पशुवैद्य कचेरी बघायला आले होते. आण्णा त्यांना कवायतीच्या आवाजात संघाची महती सांगत होते, आणि अक्कांनी मध्येच प्लग उपटला. "आज पूर!" अक्का म्हणाल्या. मामा उठले, दाराशी गेले आणि म्हणाले, "चढलो." पाहुणे बावरून खुर्चीत पाय वर घेऊन बसले. त्यांचा चहा निवायच्या आत शेळ्या परत आल्या. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो स्वागताचा कार्यक्रम वाटला होता.

आण्णांना हे सगळं पोरखेळ वाटायचं. "आता जग क्लाउडवर गेलंय," ते म्हणायचे, आणि एका ओळखीच्या माणसाकडून त्यांनी तशी सोय करूनही घेतली. इथं काही भरलं, की तेच क्षणात तिकडंही भरलं जायचं. अक्कांनी विरोध केला नाही. "आभाळबी आसू द्या," त्या म्हणाल्या. पण नंतर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बा इल्ली, इकडं ये. ही प्रत न्हाय, ही सावली हाय. तू उताणा पडलास तर तुझी सावली उभी राहती का?" म्हणून त्यांनी आपल्या जुन्या प्रती काढायचं सोडलं नाही. एक डिस्क वाशीला भावाकडं आणि एक सोनारीला नणंदेकडं असायची, आणि दर महिन्याला त्या स्वतः जाऊन दोन्हींवर नवी प्रत ठेवून यायच्या. आणि नव्या प्रतीनं जुनी पुसायची नाही, हा त्यांचा सगळ्यांत कडक नियम. कचेरीतली डिस्क मात्र दर आठवड्याला नव्यानं भरली जायची.

आणि मग एका चैत्रात खरंच गेलं.

बोकडांच्या अदलाबदलीचा दिवस दोन दिवसांवर आला होता. कुठल्या गावचा बोकड कुठं जाणार, याचे कागद मी छापत होतो. तेवढ्यात आसू गावाकडची एक मावशी कचेरीत आली. आमच्याकडं शेळ्या पाळणाऱ्या बहुतेक बायाच, आणि ही त्यांतली सगळ्यांत बोलकी. तिनं मला तिच्या जिलबी नावाच्या शेळीचं सगळं वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं.

"थांब, थांब," मावशी म्हणाली. "माझ्या जिलबीची आई कोण म्हणालास?"

मी परत वाचलं.

"आरं, ती जिलबीची लेक हाय! तीन वर्षांमागं दिवाळीला झाली. लेक आईची आई कशी झाली?"

मी हसलो. मग पुढची शेळी बघितली, मग तिच्या पुढची. हसू थांबलं. एक शेळी स्वतःचीच आई होती. एकीची आई तिच्यापेक्षा दोन वर्षांनी धाकटी होती. आण्णांच्या 'सरदार' नावाच्या लाडक्या बोकडाची आई तर त्याचीच नात होती. वाशीकडच्या शेळ्यांना भूमकडच्या आया, भूमकडच्यांना परंड्याच्या. तिन्ही तालुक्यांतल्या आयांची अदलाबदल झाली होती.

मी आण्णांना हाक मारली. ते आले, पडद्याकडं बघितलं आणि त्यांची छाती हळूहळू आत गेली.

"मी फक्त वरचा बाण दाबला होता," ते म्हणाले.

"कुठला बाण?"

"आईच्या नावावरचा. पाहुणे आले होते, त्यांना सरदारच्या आईचं नाव पटकन दाखवायचं होतं. म्हटलं, नावं ओळीनं लागली तर सापडंल. मशीननं इंग्रजीत काहीतरी विचारलं. मी हो म्हणालो."

"कधी?"

"झाले की पंधरा-वीस दिवस."

म्हणजे बाकीचं सगळं जागच्या जागी राहिलं आणि आयांचा तेवढा रकाना बाराखडीप्रमाणं लागला होता. क्लाउडवर बघितलं, तिथंही तसंच. आमच्या इमानदार सावलीनं आमची चूक जशीच्या तशी उचलली होती. तिथं जुन्या प्रती ठेवायचीही सोय होती म्हणे, पण ती चालू करा असं कुणी सांगितलं नव्हतं. कचेरीतली डिस्क दर आठवड्याला भरली जात असल्यानं तीही बाटलेली.

मी छापणं थांबवलं. गावोगावचे बोकड टेम्पोत बसायच्या तयारीत होते. या कागदांवरून ते वाटले असते, तर चूक लगेच कळलीही नसती. ती कळली असती करडं झाल्यावर.

मावशी माझ्या खुर्चीला धरून पडद्याकडं वाकली. मग हळूच म्हणाली, "माझ्या दारातल्या शेळ्यांचं कोण कुणाचं ते मला ठावं हाय, बाबा. पण परगावच्या बोकडाचं मला काय ठावं? तुमच्या संघात यायच्या आधी माझी करडं पायानं लुळी निघालीती. पाजायची, उचलून उभी करायची, की परत पडायची. म्हणून तर तुमच्याकडं आले मी."

मी अक्कांना बोलवायला आतल्या खोलीत गेलो. आता त्या कानडीत आभाळ फाडणार अशी माझी खात्री होती. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं. आणि त्यांचे डोळे चमकायला लागले.

"खरंच गेलं?" त्यांनी विचारलं.

"खरंच गेलं, अक्का."

"खेळातलं न्हाय? खरंखरं?"

"खरंखरं."

"अय्यो शिवने!" त्या म्हणाल्या आणि त्यांनी गालांवर हात ठेवले. त्यांचे गाल लाल झाले होते. इतकी वर्षं तालीम केलेल्या माणसाला शेवटी कुणीतरी नाटकाला बोलावलं होतं. मग त्या बाहेर आल्या, मावशीचा चेहरा बघितला आणि एकदम गंभीर झाल्या. मामा सवयीनं उठून कपाटाजवळ जायला लागले होते. "बसा मामा," अक्का म्हणाल्या. "आज खरं हाय."

आधी वाशीला भावाला फोन लावला. फोन स्पीकरवर होता, त्यामुळं सगळ्यांनी ऐकलं.

"ती कॉम्प्युटरची डबी व्हय?" भाऊ म्हणाला. "हाय की. पोरीच्या लग्नाचा व्हिडिओ टाकलाय तिच्यावर. जागा पुरंना म्हणून आतलं जुनं काढलं सगळं."

मग अक्का कानडीत बोलायला लागल्या. काय बोलल्या ते मला कळलं नाही, पण त्यात भावाच्या बालपणापासूनचा आढावा असावा, इतका वेळ त्या बोलल्या. श्वास घ्यायला थांबल्या आणि अचानक मराठीत म्हणाल्या, "त्या व्हिडिओची दुसरी प्रत हाय का?"

"न्हाय."

"मग आधी ती दुसरीकडं उतरव, येड्या! एकच लेक, एकच लग्न, आन् एकच डबी?"

राहिली सोनारी. नणंद फोन उचलेना. उचलणार कशी, गावात भैरवनाथाच्या यात्रेचे दिवस. आण्णा स्वतःहून जीप काढायला धावले. अक्का पुढं बसल्या, मी कचेरीचा लॅपटॉप घेऊन मागं. मावशीनं "मला वाटंत सोडा" म्हटलं आणि नंतर वाटेत उतरायला ठाम नकार दिला. "माझ्या जिलबीची आई सापडूस्तवर मी काय उतरत न्हाय."

सोनारीच्या अलीकडंच जीप अडकली. नारळांची, खेळण्यांची, रेवड्यांची दुकानं, गुलालानं माखलेली माणसं, आणि भिंतीभिंतीवर माकडं. आम्ही उतरून चालत नणंदेच्या घरी गेलो. घर पाहुण्यांनी गच्च भरलेलं. नणंदबाई चुलीपुढून उठून आल्या आणि अक्कांना बघून म्हणाल्या, "वैनी, तुम्ही यात्रेला आलाव! हातपाय धुवा, जेवायला बसा."

"डबी कुठंय?" अक्का म्हणाल्या.

"देवघरात. तुम्हीच म्हणालाव ना, जिवापाड जप म्हणून."

देवघरात टाकांच्या शेजारी डिस्क होती. तिला हळद लावलेली, वर कुंकू, त्यावर झेंडूचं फूल. नणंदबाई रोज तिची पूजा करत होत्या. वायर जोडायच्या भोकात कुंकू ठासून भरलं होतं. आण्णांनी डोक्याला हात लावला. अक्कांनी मात्र अंबाड्यातला आकडा काढला, भोकातलं कुंकू हळूच खरवडलं आणि फुंकर मारली. कुंकू उडालं ते सगळं आण्णांच्या तोंडावर.

"चला आता, लवकर," लाल तोंडानं आण्णा म्हणाले.

"न्हाय. आधी प्रत. मग पाऊल बाहेर."

"अक्का, अहो, गाडीत करा! उद्याचा दिवस उरलाय फक्त!"

"सुम्नं कूड," अक्का म्हणाल्या, म्हणजे गप बसा. त्यांनी चुलीजवळ पाटावर लॅपटॉप ठेवला, डिस्क जोडली. एक क्षण काहीच झालं नाही. मग दिवा लुकलुकला. मी जिलबीचा बिल्ला शोधला आणि तिच्या आईचं नाव वाचलं.

"हीच!" मावशी ओरडली. "हीच ती! डाव्या कानाला पांढरा ठिपका, मारकुटी!" आणि तिनं लॅपटॉपवरून कडाकडा बोटं मोडून त्याची दृष्ट काढली. सगळ्या शेळ्या लॅपटॉपवर उतरेपर्यंत नणंदबाईंनी आम्हाला पुरणपोळ्या वाढल्या. आण्णा घासाघासाला घड्याळ बघत होते. अक्का दुसऱ्यांदा तूप मागत होत्या.

निघताना आण्णांनी डिस्क एका पिशवीत घातली, पिशवी छातीशी धरली आणि कवायतीच्या चालीनं ते पुढं झाले. देवळाच्या कोपऱ्यावर एक भलं मोठं माकड भिंतीवरून उतरलं, अगदी सावकाश, ओळखीच्या माणसासारखं. त्यानं आण्णांच्या हातातली पिशवी घेतली आणि कौलांवर जाऊन बसलं.

आण्णांनी जी किंकाळी फोडली, ती शाळेच्या मैदानावरही कधी फोडली नसेल. "अहो धरा! शेळ्या! माझ्या शेळ्या नेल्या!" यात्रेतली माणसं जमली. माकडाच्या हातात शेळ्या कुठंयत, ते लोकांना दिसेना. कुणी नारळ दाखवला, कुणी केळं. माकडानं डिस्क बाहेर काढली, उलटीपालटी केली, हळद चाटली, तोंड वाकडं केलं आणि ती खालच्या गुरांच्या हौदात टाकून दिली. बुडुक्.

मी अक्कांकडं बघितलं. अक्का देवळाच्या भिंतीला टेकून हसत होत्या. आवाज न करता, पोट धरून, डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत. मग त्यांनी माझ्या काखेतल्या लॅपटॉपवर दोनदा थोपटलं आणि कसंबसं म्हणाल्या, "आता… आता कळलं का, पाऊल बाहेर का न्हाय टाकलं?"

त्या दुपारी आम्ही कचेरीत परतलो. जुन्या आया जागेवर बसवल्या. पण सोनारीची प्रत महिन्याभरापूर्वीची होती. त्यानंतर जन्मलेल्या करडांचं काय? मग आम्ही चौघं चार फोन घेऊन बसलो. "काकू, ते पांढऱ्या पायाचं करडू कुणाचं?" "वैनी, जुळं कुणाला झालं, भिंगरीला का राणीला?" मामांना कधी नव्हे तो फोन दिला होता. ते फक्त "आई?" एवढंच विचारायचे. पलीकडची बाई घाबरून स्वतःच्या आईचं नाव सांगायची. मग मामा गंभीरपणे म्हणायचे, "शेळीची." मावशी या सगळ्यात मध्येच बसून कोण खरं सांगतंय, कोण ठोकून देतंय, त्यावर निकाल देत होती. दुसऱ्या दिवशी ऊन कलायच्या आत काम पुरं झालं आणि ठरल्या दिवशी योग्य बोकड योग्य टेम्पोत चढला. पुढं मावशीच्या जिलबीला जुळी झाली. ती मुद्दाम दोन्ही बगलेत दोन करडं घेऊन जिना चढून आली आणि त्यांना फरशीवर सोडलं. गुळगुळीत फरशीवर चार-चार पाय रोवून ती ताठ उभी राहिली आणि त्यांतल्या एकानं आण्णांच्या टेबलावरचा कागद खाल्ला. आण्णांनी खाऊ दिला.

पण अक्कांना त्या प्रकारातून एक नवीनच खोट दिसली होती. सोनारीत नणंदेचं घर कुठं, हे कुणाला माहीत होतं? एकट्या अक्कांना. डिस्क कुठंकुठं आहेत? अक्कांना. कुलपाचा शब्द, म्हणजे पासवर्ड, काय? अक्कांना. सगळ्याच्या प्रती होत्या, पण अक्का एकच होत्या. ही गोष्ट त्यांना फार लागली. पुढचे कित्येक आठवडे त्या आम्हाला शिकवत राहिल्या, लिहून देत राहिल्या, परत आमच्याकडून वदवून घेत राहिल्या.

आणि एका सोमवारी अक्का कचेरीत आल्याच नाहीत. दोन्ही फोन बंद. आम्ही एकमेकांकडं बघतोय, तेवढ्यात मामा उठून खोलीच्या मध्यभागी आले आणि म्हणाले, "अक्का गेल्या."

आण्णा खुर्चीतून उठले. "गेल्या? कुठं गेल्या? कशानं?"

मामा जरा घुटमळले. "म्हंजी, आज मी आग न्हाय. आज अक्का न्हायत, असं धरून चालायचं. त्यांनीच सांगितलंय." आणि प्लग उपटून बाजूला उभे राहिले.

आण्णांनी आधी मामांना शिव्या दिल्या, मग पाणी प्याले, मग बाह्या वर केल्या. आणि आम्ही शेळ्या परत आणल्या. सगळ्या. आण्णांनी स्वतः कुलपाचा शब्द भरला, एकही बाण न दाबता. दुपार व्हायच्या आत सरदारची आई सरदारच्या नावापुढं होती आणि ती त्याची नात नव्हती. आम्ही ओरडलो, टाळ्या दिल्या. मामांच्या मिशीखाली काहीतरी हललं. ते हसू होतं, असं मी आजही शपथेवर सांगेन.

"चला, चहा," आण्णा म्हणाले. रोज चहा अक्काच करायच्या, आज मी स्टोव्ह पेटवला, पाणी ठेवलं, पूड टाकली. साखर सापडेना. कपाट बघितलं, टेबलाचे खण बघितले, फायलींच्या मागं बघितलं. आण्णा स्टुलावर चढून माळा बघून आले. पाणी आटत चाललं. शेवटी मामांना राहवलं नाही. ते खिडकीत गेले आणि बसस्टँडसमोरच्या हॉटेलाकडं बघून त्यांनी आयुष्यातली पहिली मोठी हाक मारली, "अक्काऽऽ! साखर कुठंय?"

हॉटेलवाल्यानं नंतर सांगितलं, की बाई सकाळपासून बाकड्यावर बसून आमच्या खिडकीकडं बघत होत्या. चहावर चहा घेत होत्या, आणि आमचा ओरडा ऐकू आल्यावर त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. हाक ऐकली मात्र, त्या कुर्डुवाडीच्या गाडीला थांबलेल्या गर्दीतून वाट काढत, पदर खोचत, लोखंडी जिना धडधड वाजवत वर आल्या. दारात उभ्या राहून धापा टाकत होत्या. चेहरा नुसता फुलला होता.

"कुठंकुठं शोधलंत?" त्यांनी विचारलं.

"सगळीकडं," आण्णा म्हणाले.

"माळ्यावर?"

"माळ्यावरबी."

"आन् सापडली न्हाय?"

"न्हाय, अक्का."

कोपऱ्यात एक जुना मोडका कॉम्प्युटर पडला होता. त्याचं झाकण सरकवून अक्कांनी आतून साखरेची बरणी काढली. मुंग्या लागू नयेत म्हणून तिथं ठेवली होती म्हणे. त्यांनी ती माझ्या हातात दिली, आपल्या खुर्चीत ऐसपैस बसल्या, पायांतल्या चपला काढल्या आणि भारी समाधानानं म्हणाल्या, "मग मी उद्यापासून येते."